तंबूतला शिपाई आणि त्याचा पगार



या व्याख्यानमालेत बोलणाऱ्या माणसांच्या नावापुढे बहुधा पदव्या असतात. माझ्या नावापुढे तसे काही नाही. नववीत शाळा सुटली, मागावर उभा राहिलो, आणि पुढे मागवाल्यांच्या युनियनचे काम अंगावर आले. इतिहास वाचला तो पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे मला एक खोड लागली आहे, ती आधीच सांगून ठेवतो. एखादा राजवाडा, एखादे धरण किंवा एखादी लढाई समोर आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : येथे राबले कोण, आणि त्यांच्या हाती पडले काय? आज विषय लढाईच्या देखाव्याचा आहे, तरी प्रश्न तोच विचारणार आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे मोठे यादवी युद्ध झाले. १८६०च्या शिरगणतीप्रमाणे त्या देशात सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. गुरांप्रमाणे त्यांची खरेदी-विक्री होई. गुलामगिरीला धोका आहे असे दिसताच दक्षिणेतील अकरा राज्ये फुटून निघाली आणि त्यातून युद्ध पेटले. त्यात सहा लाख वीस हजार सैनिक मेले असे पुष्कळ वर्षे सांगत असत. अलीकडच्या संशोधकांचा हिशोब सात लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. यातले सुमारे दोन तृतीयांश लोक गोळीने मेले नाहीत, ते हगवणीने, विषमज्वराने आणि असल्याच दुखण्यांनी मेले.

या युद्धाची छावणी आजही तिकडे भरते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीकडे गेलो होतो, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग या गावी ती मी पाहिली. १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस तेथे लढाई झाली आणि मेलेले, जखमी, पकडलेले, बेपत्ता मिळून सुमारे एक्कावन्न हजारांची हानी झाली. आज ते रणक्षेत्र राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे फिरायला प्रवेशमूल्य नाही. उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी हौशी मंडळी येतात, पांढऱ्या जाड कापडाचे तंबू रांगेने ठोकतात आणि दोन दिवस दीडशे वर्षांपूर्वीच्या शिपायांसारखी राहतात. तंबू सर्वांना खुले असतात. आपण आत डोकवावे आणि वाटेल ते विचारावे, त्यांना त्यात आनंदच वाटतो.

या मंडळींत शाळामास्तर असतात, नळकाम करणारे असतात, निवृत्त झालेले कारकून असतात. भर उन्हात अंगावर लोकरीचा जाड निळा किंवा करडा कोट, पायांत कडक बूट, खांद्यावर बंदूक, आणि हे सारे स्वतःच्या खिशातून. शिधा म्हणून ते कडक बिस्कीट दाखवतात. ते इतके कडक असते की शिपाई ते बंदुकीच्या दस्त्याने फोडीत, नाहीतर कॉफीत भिजवून खात. अळ्या तर त्यात नेहमीच सापडत. मग बंदूक भरण्याची कवायत होते. पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ढकलायची, गज घालून ठासायची, असे हुकमागून हुकूम सुटतात. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी. देखाव्यात गोळी अर्थातच नसते, नुसती दारू उडते. पण आवाज आणि धूर खरा असतो. पुढच्या रांगेतली लहान मुले कानांवर हात ठेवतात आणि लगेच म्हणतात, पुन्हा एकदा.

या माणसांना हसण्यासारखे काही नाही. अमेरिकन पत्रकार टोनी हॉर्विट्झ यांनी १९९८ साली यांच्यावर पुस्तक लिहिले. कोटाच्या बटणांना जुनी कळा यावी म्हणून ती लघवीत भिजत घालणारे आणि थंडीच्या रात्री उघड्यावर एकमेकांना बिलगून झोपणारे शौकीन त्यांना भेटले. शिवणीचा दोरा चुकीचा दिसला तरी यांना राहवत नाही. कामाची एवढी कदर ज्याला असते त्याच्याविषयी कामगाराला आदरच वाटतो. माझा आक्षेप पुढे येईल तो त्यांच्या मेहनतीवर नाही.

लढाई हा तमाशा करून पाहण्याची हौस मात्र यांनी आणलेली नाही, ती त्या युद्धाइतकीच जुनी आहे. २१ जुलै १८६१ रोजी वॉशिंग्टन शहराजवळ मानासस येथे पहिली मोठी लढाई झाली, तेव्हा शहरातली प्रतिष्ठित मंडळी घोडागाड्यांतून फराळाच्या टोपल्या घेऊन ती पाहायला गेली होती. उत्तरेची फौज मोडली, शिपाई आणि प्रेक्षक एकाच रस्त्याने पळू लागले, आणि आल्फ्रेड इली नावाचे एक लोकप्रतिनिधी दक्षिणेच्या हाती सापडून काही महिने तुरुंगात बसले. बरोबर शंभर वर्षांनी, जुलै १९६१ मध्ये, त्याच जागी त्याच लढाईचा मोठा देखावा झाला. हजारो प्रेक्षक जमले. पण जिथे माणसे मेली तिथे खाद्यपेयांची दुकाने मांडून मरणाचे सोंग आणावे काय, अशी टीकाही झाली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने नियमच घातला की, आपल्या जमिनीवर छावणी भरवा, कवायत दाखवा, तोफ उडवा, पण दोन फौजा समोरासमोर उभ्या करून लुटुपुटूची लढाई खेळू नका. म्हणून लढाईचे मोठे देखावे आता बाहेर खासगी शेतांत होतात. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. भूक, थंडी आणि कवायत थोडीफार तरी अनुभवता येते. मरण अनुभवता येत नाही. देखाव्यात मेलेला माणूस संध्याकाळी उठून जेवायला जातो.

गेटिसबर्गला तर खऱ्या प्रेतांचाही देखावा मांडला गेला होता. लढाई संपल्यावर दोन-तीन दिवसांनी अलेक्झांडर गार्डनर हे छायाचित्रकार आपल्या साथीदारांसह तेथे पोहोचले. दगडांच्या आडोशाला पडलेल्या दक्षिणेच्या तरुण नेमबाजाचे त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. १९७५ साली विल्यम फ्रासानिटो यांनी जुनी छायाचित्रे आणि जागा ताडून दाखवून दिले की, ते प्रेत मूळ जागेवरून सुमारे चाळीस यार्ड उचलून आणले होते आणि शेजारी बंदूक नीट टेकवून ठेवली होती. दृश्य खुलावे म्हणून. दृश्य खुलवायचे ठरले की काही गोष्टी पुढे येतात आणि काही मागे ढकलल्या जातात. छावणीत मागे काय राहते ते आता पाहू.

मी एका तंबूपाशी बसलेल्या शिपायाला विचारले, तुझा पगार किती? तो हसला आणि म्हणाला, महिना तेरा डॉलर, तोही वेळेवर नाही. उत्तर बरोबर होते. पण तेरा डॉलर हा गोऱ्या शिपायाचा दर होता. उत्तरेच्या सैन्यात काळे शिपाईही होते. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या घरात गेली. त्यांना दर होता दहा डॉलर, आणि त्यातूनही कपड्यांचे म्हणून तीन डॉलर कापून घेत. हाती पडत सात. गोळी दोघांना सारखीच लागणार, बिस्कीट दोघांना सारखेच कडक. फक्त हजेरीपटावर दर निराळा.

मॅसॅच्युसेट्स राज्याची चोपन्नावी पलटण ही अशीच काळ्या शिपायांची पलटण. भरतीच्या वेळी सर्वांना सारखा पगार देऊ असे सांगितले होते. प्रत्यक्ष वाटपाच्या दिवशी कमी रक्कम पुढे आली तेव्हा पलटणीने ती नाकारली. एकट्यादुकट्याने नव्हे, सबंध पलटणीने. राज्यसरकार म्हणाले, वरचा फरक आम्ही आमच्या तिजोरीतून भरतो. तेही त्यांनी नाकारले, कारण प्रश्न रकमेपुरता नव्हता, एकाच कामाला एकच दर असावा हा होता. बंधूंनो, तीस वर्षे मी वाटाघाटीच्या टेबलाशी बसत आलो आहे. वरची रक्कम गुपचूप देतो, दराचे नाव काढू नका, हे बोलणे मला चांगले ओळखीचे आहे. घरी बायकामुले उपाशी असताना त्याला नाही म्हणणे किती अवघड असते हेही ठाऊक आहे. या शिपायांनी अठरा महिने पगाराला हात लावला नाही, आणि या काळात ते लढत होते. १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात त्यांचे जवळजवळ निम्मे लोक मेले, जखमी झाले वा शत्रूच्या हाती पडले. अखेर जून १८६४ मध्ये अमेरिकन संसदेने सारख्या पगाराचा कायदा केला.

हा कायदा एका माणसासाठी उशिरा आला. दक्षिण कॅरोलिनातील काळ्या शिपायांच्या तिसऱ्या पलटणीत विल्यम वॉकर नावाचा सार्जंट होता. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्याच्या तुकडीने बंदुका कॅप्टनच्या तंबूपुढे रचून ठेवल्या आणि सांगितले, ठरलेला पगार मिळत नाही तोवर आम्ही काम करणार नाही. आपल्या भाषेत याला हत्यार खाली ठेवणे म्हणतात, आणि तेथे ते शब्दशः झाले. लष्करी न्यायालयाने त्याला बंडाचा अपराधी ठरवले आणि २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्याला गोळ्या घातल्या. समान वेतनाचा कायदा झाला तो त्यानंतर चार महिन्यांच्या आत.

दर कापला जाई काळ्यांचा, पण गोऱ्या गरिबाचीही बाजू लंगडीच होती. १८६३च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात उत्तरेत तीनशे डॉलर भरणाऱ्याला सूट मिळे. मजुराची ती जवळजवळ वर्षाची कमाई. दक्षिणेत १८६२ साली कायदा झाला की, ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम असतील तेथे एका गोऱ्या माणसाला भरतीतून मोकळीक. म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी पुकारलेल्या युद्धात ज्यांच्यापाशी गुलाम जास्त त्यांना घरी बसण्याची सोय, आणि ज्याच्यापाशी एकही नाही त्याने जाऊन मरावे!

आता छावणीत न दिसणाऱ्या माणसांकडे वळू. करड्या कोटाच्या हौशी शिपायांच्या तंबूंत मी स्वयंपाक करणारा, घोडे धुणारा, गाडी हाकणारा शोधत होतो. शिपाई आपले स्वतःच कॉफी उकळत बसले होते. खऱ्या छावणीत ही कामे पुष्कळशी गुलामांकडून करून घेत. गेटिसबर्गवर चालून आलेल्या जनरल ली यांच्या फौजेबरोबर हजारो गुलाम होते. एवढेच नव्हे, तर वाटेत पेनसिल्व्हेनियातील स्वतंत्र काळ्या माणसांना, बायकामुलांसकट, पकडून दक्षिणेत गुलाम म्हणून हाकलत नेले. अशा छावणीत हे दृश्य मांडणे अवघड आहे हे मी समजू शकतो. गुलामाचा वेष घेऊन सुटीचे दोन दिवस घालवायला कोण येईल? पण मग निदान एका पाटीवर तरी लिहावे की, येथे बसलेल्या शिपायामागे आणखी एक माणूस उभा होता.

त्या गावातल्या तीन माणसांच्या गोष्टी सांगतो. पहिली जेनी वेड, वय वीस. ३ जुलैच्या सकाळी ती बहिणीच्या घरी भाकरीसाठी कणीक मळत होती. दार फोडून गोळी आली आणि ती जागीच गेली. लढाईत थेट मारली गेलेली गावातली एकमेव नागरिक ती. दुसरा एब्राहम ब्रायन, स्वतंत्र काळा शेतकरी, बारा एकरांचा धनी. लढाईचा शेवटचा मोठा हल्ला त्याच्याच शेतावर आला. पकडले जाण्याच्या भीतीने तो कुटुंबासह आधीच निघून गेला होता. परतला तो कुंपण मोडलेले, पीक तुडवलेले, घर चाळण झालेले. त्याने सरकारकडे एक हजार अठ्ठावीस डॉलरची भरपाई मागितली. मिळाले पंधरा.

तिसऱ्याचे नाव बासिल बिग्ज. लढाई संपली तेव्हा अवघ्या चोवीसशे वस्तीच्या गावात वीस हजारांहून अधिक जखमी होते आणि मेलेले उथळ खड्ड्यांत कसेबसे पुरलेले होते. उत्तरेच्या शिपायांची प्रेते उकरून नव्या राष्ट्रीय दफनभूमीत नेण्यासाठी निविदा मागवल्या. काम सर्वांत कमी बोलीला गेले. दर प्रेतामागे एक डॉलर एकोणसाठ सेंट. ठेका घेतला गोऱ्या ठेकेदाराने, आणि प्रत्यक्ष खणण्या-वाहण्याचे काम बिग्ज या काळ्या गृहस्थाने आपल्या मजुरांच्या टोळीला घेऊन केले. तीन हजारांहून अधिक प्रेते त्यांनी हलवली. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन तेथे आपले सुप्रसिद्ध छोटे भाषण करण्यासाठी उभे राहिले तेव्हा हे काम अर्धवटच होते. ते भाषण शाळाशाळांतून पाठ करून घेतात. बिग्जचे नाव पुष्कळांना पहिल्यांदा त्या गावी गेल्यावरच कळते.

पन्नास वर्षांनी, १९१३ साली, त्याच माळावर दोन्ही बाजूंच्या पन्नास हजारांहून अधिक म्हाताऱ्या शिपायांची खरीखुरी छावणी पडली. जुन्या वैऱ्यांनी दगडी कुंपणावरून एकमेकांचे हात हाती घेतले. वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिले. समेट झालाच पाहिजे, याविषयी वाद नाही. पण तंबू ठोकायला, कांबळी वाटायला, संडास साफ करायला काळे मजूर होते, आणि ज्यांच्या सुटकेसाठी ते रक्त सांडले त्यांच्याविषयी व्यासपीठावर फारसे कोणी बोलले नाही. दोन भावांचे भांडण मिटले असे सांगताना भांडण कशावरून झाले हेच वगळले गेले. आजच्या छावण्यांत जी पोकळी दिसते तिचे मूळ येथे आहे.

ही पोकळी भरून काढणारी माणसेही पुढे आली आहेत, हे सांगायला मला आनंद वाटतो. १९८९ साली चोपन्नाव्या पलटणीवर ‘ग्लोरी’ हा चित्रपट निघाला. त्यानंतर काळ्या नागरिकांनी त्या पलटणीच्या नावाने आपली हौशी तुकडी उभी केली आणि ते छावण्यांत जाऊ लागले. तंबूपुढे असा शिपाई बसलेला असला की मुलांना तेरा आणि सात यांतला फरक तोंडी सांगावा लागत नाही, तेच विचारतात.

दुसरे उदाहरण कामगारांच्या घरातले. १८ जून १९८४ रोजी इंग्लंडमधील ऑरग्रीव्ह येथे संपावरच्या खाणकामगारांवर पोलिसांनी घोडे घातले. वर पंचाण्णव कामगारांवर खटले भरले. पुढच्या वर्षी ते खटले कोसळले, आणि १९९१ साली पोलिसांना एकोणचाळीस जणांना सव्वाचार लाख पौंड भरपाई द्यावी लागली. २००१ साली जेरेमी डेलर या कलावंताने तेथे त्या दिवसाचा देखावा घडवला. जुन्या लढायांचे देखावे करणारे सुमारे आठशे हौशी लोक आले, आणि त्यांच्यात सुमारे दोनशे मूळचे खाणकामगार उभे राहिले. काहींनी तर पोलिसांचे काम केले. मार खाल्लेला माणूसच देखाव्यात उभा असेल तर खोटे दृश्य खुलवणे सोपे राहत नाही. त्या दिवसाची रीतसर चौकशी करण्याची घोषणा ब्रिटिश सरकारने केली ती २०२५ साली, एक्केचाळीस वर्षांनी. तोवर ती आठवण अशाच लोकांनी जागती ठेवली होती.

आपण विचाराल, हे अमेरिकेचे आणि इंग्लंडचे सांगून आम्हाला काय? मंडळी, त्या युद्धाचा धागा आपल्या गावापर्यंत आला आहे, आणि तो कापसाचा आहे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअरांचे वेड माजले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आले, भाव कोसळले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या पेढ्या धडाधड बुडाल्या. तेजीच्या दिवसांत सढळपणे मिळालेल्या कर्जाची फेड शेतकऱ्यांच्या मानेवर राहिली. पुढे १८७५ साली सुप्यास सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक होते. तिकडे लँकेशायरचे विणकर बेकार होऊन उपाशी होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने गुलामगिरीविरुद्ध लिंकन यांना पाठिंबा दिला. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना पत्र लिहून आभार मानले. आणि आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना त्या युद्धातली मुद्द्याची गोष्ट कळली होती.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. अशा छावण्या भराव्यात, मुलांना तेथे न्यावे, त्यांनी बंदुकीचा आवाज ऐकावा. पण बरोबर तीन प्रश्न न्यावेत. हे युद्ध कशासाठी झाले? यांचे जेवण कोण करीत होते? आणि पगार कोणाला किती? ज्या छावणीत या तिन्हींची उत्तरे मिळतात ती शाळा आहे असे समजावे.

आणि हे काम आपल्याही दाराशी आले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. आज त्या गिरण्या गेल्या. काळाचौकीला एका जुन्या गिरणीच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. उद्या कोणी गिरणीचा देखावा मांडील, भोंगा वाजवील, साचे फिरवून दाखवील. ते जरूर व्हावे. फक्त त्यात हजेरीपट असावा, बदली कामगाराचा पास असावा, खाणावळवालीचा डबा असावा, आणि समजावून सांगायला त्या साच्यावर उभी राहिलेली माणसे असावीत. ती अजून हयात आहेत. आपल्या गावातही मागावर आयुष्य काढलेले कितीतरी जण आज या सभेत बसले आहेत. त्यांची सांगी लिहून घेण्याचे काम आमच्या युनियनने सुरू केले आहे. दर रविवारी सकाळी आमच्या कचेरीत वह्या घेऊन तरुण मुले बसतात. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहायला यावे, आणि ज्यांना आठवते त्यांनी सांगायला यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.